नेटवर्क कार्डासाठी स्लॉट निवडताना लांबी बघू नका, लेन मोजा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवं नेटवर्क कार्ड आणायचं, घरी येऊन कॅबिनेट उघडायचं, जो स्लॉट रिकामा दिसेल त्यात ते दाबून बसवायचं आणि वरून स्क्रू आवळायचा. बहुतेकांची पद्धत हीच, आणि गिगाबिटच्या काळात त्यामुळे कुणाचं फारसं अडलं नाही. आता मात्र अडीच आणि दहा गिगाबिटची कार्डं सहज मिळतात, आणि चुकीच्या स्लॉटमध्ये बसवलेलं उत्तम कार्ड मला सतत कुठे ना कुठे सापडतं. पैसे दहाचे मोजलेले असतात आणि पदरात तीन पडत असतात. मालकाला वाटतं कार्ड खराब निघालं किंवा दुकानदारानं फसवलं. कार्डाचा काही दोष नसतो.

मी परळला राहते आणि दादरपासून अंधेरीपर्यंतची छोटी ऑफिसं, एडिटिंग स्टुडिओ, डिजिटल प्रिंटिंगवाले यांची नेटवर्कची कामं करते. या सगळ्यांना मी एकच सांगते. आधी मशीन उघडा, कुठला स्लॉट कार्डाला देता येईल ते ठरवा आणि मग त्या स्लॉटला साजेसं कार्ड विकत घ्या. हा क्रम उलटा झाला की खर्च वाढतो.

स्लॉटची लांबी आणि त्यातल्या लेन

आजच्या मदरबोर्डवर दिसतात ते पीसीआय एक्सप्रेस स्लॉट. ते चार मापांत येतात: एक्स१, एक्स४, एक्स८ आणि एक्स१६. एक्स१ जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, एक्स१६ जवळजवळ नऊ सेंटिमीटरचा. हा आकडा लेनचा असतो. लेन म्हणजे डेटा जायची एक आणि यायची एक अशा तारांच्या दोन जोड्या. जितक्या लेन जास्त, तितका डेटा एका वेळी जास्त जातो.

घोळ इथेच होतो. स्लॉट एक्स१६ एवढा लांब असला म्हणजे त्याच्या मागे सोळा लेन जोडलेल्या असतातच असं नाही. विरार लाइनवर पंधरा डब्यांचा प्लॅटफॉर्म असतो, पण गाडी बारा डब्यांची आली तर टोकाला उभ्या असलेल्या माणसाला पळावंच लागतं. मदरबोर्डवरचा दुसरा किंवा तिसरा लांब स्लॉट बऱ्याचदा असाच असतो. दिसायला सोळाचा, आत चार लेन. काही बोर्डांवर तर लांबी पूर्ण आणि लेन एकच. मदरबोर्ड कंपन्या हे लपवत नाहीत, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. पण मॅन्युअल उघडतं कोण!

तर पहिलं काम मॅन्युअल उघडायचं. बोर्डाचा पूर्ण मॉडेल नंबर बोर्डवरच मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तो नीट लिहून घ्या, कारण शेवटच्या एका अक्षराच्या फरकानं स्लॉटची रचना बदलते. कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलची पीडीएफ उतरवा आणि ‘एक्सपान्शन स्लॉट्स’ हा भाग वाचा. तिथे ‘एक्स१६ स्लॉट, एक्स४ मोडमध्ये चालतो’ अशा अर्थाची ओळ असेल. ‘मोडमध्ये’ किंवा ‘रनिंग ॲट’ या शब्दांपुढचा आकडा खरा धरायचा.

मॅन्युअल मिळालं नाही तर बोर्ड स्वतः सांगतो. स्लॉटच्या शेजारी बारीक पांढऱ्या अक्षरांत नाव छापलेलं असतं आणि पुष्कळदा त्यातच लेनचा आकडा असतो. तरीही खात्री नसेल तर मोबाइलचा टॉर्च लावून स्लॉटच्या आत तिरकं बघा. सगळ्या मापांच्या स्लॉटमध्ये खाचेच्या अलीकडचा, म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा, छोटा भाग सारखाच असतो, तो मुख्यतः वीज पुरवतो. खाचेच्या पलीकडे सोनेरी पट्ट्यांची रांग सुरू होते. एक्स४ जोडणीच्या लांब स्लॉटमध्ये ही रांग पुष्कळदा थोडी पुढे जाऊन थांबते आणि उरलेलं प्लास्टिक रिकामं दिसतं. असं दिसलं की निकाल लागला. मात्र काही बोर्डांवर पट्ट्या शेवटपर्यंत असूनही मागे तारा जोडलेल्या नसतात. म्हणून रांग अर्धवट दिसली तर नक्की कमी लेन समजा, पूर्ण दिसली तर मॅन्युअलशिवाय विश्वास ठेवू नका.

छोटं कार्ड मोठ्या स्लॉटमध्ये बिनधास्त चालतं. एक्स१ चं कार्ड एक्स१६ मध्ये बसवलं तर ते एक लेन वापरतं, बाकीच्या रिकाम्या राहतात, कशालाही धोका नसतो. मोठं कार्ड छोट्या स्लॉटमध्ये बसवायचं तर त्या स्लॉटचं मागचं टोक उघडं हवं. ऑफिसांतून येणाऱ्या सेकंडहँड ब्रँडेड मशीनमध्ये असा उघड्या टोकाचा एक्स४ स्लॉट कधीकधी मिळतो. त्यात एक्स८ चं कार्ड घातलं तर मागचा भाग हवेत राहतो आणि कार्ड चार लेनवर मजेत चालतं. टोक बंद असेल तर ते तापवलेल्या ब्लेडनं कापायचे व्हिडिओ बघून हात शिवशिवतात, पण ते करू नका. आतल्या पट्ट्या वाकल्या की बोर्ड गेला.

साधा हिशेब

नेटवर्कवाले बिटांत बोलतात आणि स्लॉटवाले बाइटांत, म्हणून आधी आठने भागून घ्या. एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ एमबी, अडीच म्हणजे ३१२, पाच म्हणजे ६२५ आणि दहा म्हणजे १,२५० एमबी.

आता स्लॉटची बाजू. पीसीआय एक्सप्रेसची पहिली आवृत्ती २००३ ची, तिच्यात एका लेनमधून एका दिशेनं सेकंदाला २५० एमबी जातात. २००७ च्या २.० मध्ये ५००, २०१० च्या ३.० मध्ये सुमारे ९८५, २०१७ च्या ४.० मध्ये सुमारे १,९७० आणि २०१९ च्या ५.० मध्ये सुमारे ३,९४०. हे कागदावरचे आकडे आहेत. डेटाच्या प्रत्येक पाकिटाबरोबर पत्ता आणि तपासणीचा मजकूर जातो, त्यामुळे हातात येताना यातले पंधरा-वीस टक्के वजा धरा.

यावरून बरंच काही झटकन ठरतं. गिगाबिट कार्ड कुठल्याही पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये चालेल, विचारच करू नका. अडीच गिगाबिटला २.० ची एक लेन पुरते. बाजारात मिळणारी बहुतेक अडीचची कार्डं रिअलटेकच्या आरटीएल८१२५ चिपवर असतात आणि ती चिप मुळातच २.१ ची एक लेन वापरते. इंटेलचं आय२२६ सुद्धा एकाच लेनचं. म्हणजे अडीचसाठी कोपऱ्यातला तो छोटा एक्स१ स्लॉट उत्तम. लांब स्लॉट त्यासाठी अडवू नका, तो पुढे कामी येईल.

दहा गिगाबिटला मात्र कागद-पेन्सिल घ्या. ३.० च्या एका लेनमध्ये ९८५ मावतात आणि आपल्याला हवेत १,२५०. नाही पुरत. २.० च्या चार लेनमध्ये २,००० मावतात, वजावट धरूनही एक पोर्ट पूर्ण वेगानं चालतो. ३.० च्या चार लेन असतील तर दोन पोर्टही आरामात.

आणि आता ज्या गोष्टीवर लोक हमखास अडकतात ती. कार्डाची आवृत्ती आणि स्लॉटची आवृत्ती यांत जी जुनी, ती दोघांनाही लागू होते. लेनचंही तसंच, जो आकडा लहान तो खरा. इंटेलचं एक्स५२० हे सर्व्हरमधून निघालेलं कार्ड सेकंडहँड बाजारात खूप दिसतं. ते २.० आवृत्तीचं आणि आठ लेनचं. आठ लेन मिळाल्या तर त्याचे दोन्ही पोर्ट मोकळे पळतात. पण तुमच्या अगदी नव्या बोर्डावरच्या ४.० च्या एक्स४ स्लॉटमध्ये ते घातलं तर त्याला ४.० चा काडीचा उपयोग नाही. ते २.० च्या वेगानं चार लेनवर चालेल, म्हणजे २,००० एमबी. एका पोर्टला पुरेसं, दोन्ही पोर्ट एकदम ताणले तर अपुरं.

उलटी बाजूही आहे. नव्या चिपपैकी ॲक्वांशियाची एक्यूसी११३ आवृत्ती ४.० च्या एकाच लेनवर दहा गिगाबिट देऊ शकते. एक्स१ चं इवलंसं कार्ड आणि दहा गिगाबिट, ऐकायला छान वाटतं. पण तेच एक लेनचं कार्ड पाच-सहा वर्षं जुन्या बोर्डावरच्या ३.० च्या एक्स१ स्लॉटमध्ये गेलं की साडेसहा-सातच्या आसपास थांबतं, आणि २.० च्या स्लॉटमध्ये तीन-सव्वातीनला. जुन्या बोर्डासाठी म्हणून मी अजूनही ३.० एक्स४ ची कार्डं सुचवते. ॲक्वांशिया एक्यूसी१०७ वरची किंवा इंटेलचं एक्स५५०, दोन्ही त्याच मापाची.

फोर्टमधल्या काही जुन्या ऑफिसांत हिशेबाच्या मशीनमध्ये अजून साधा पीसीआय स्लॉट दिसतो, लांब आणि बहुधा पांढरा. तो सगळा मिळून सेकंदाला १३३ एमबी देतो, आणि तेही त्या बसवर जोडलेल्या सगळ्या कार्डांत वाटून. गिगाबिट कार्ड त्यात चालतं, पूर्ण वेग देत नाही. तिथे पैसे घालू नका.

लेन येतात कुठून

स्लॉटच्या लेन एक तर थेट प्रोसेसरमधून येतात, नाहीतर चिपसेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपमधून. सगळ्यात वरचा, प्रोसेसरच्या जवळचा लांब स्लॉट साधारणपणे थेट प्रोसेसरचा. खालचे बहुतेक चिपसेटचे. चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यात एकच जोडरस्ता असतो आणि त्यावरून साटा हार्डडिस्क, यूएसबी, बोर्डावरचं नेटवर्क आणि काही एम.२ (बोर्डावरच आडव्या बसणाऱ्या चपट्या) एसएसडी असं सगळं जातं. इंटेलच्या १०० ते ४०० सिरीजच्या बहुतेक चिपसेटमध्ये हा रस्ता ३.० च्या चार लेनएवढा होता, म्हणजे सेकंदाला चार हजार एमबीच्या आतच. एका दहा गिगाबिट पोर्टला तो भरपूर आहे. घरात किंवा छोट्या ऑफिसात चिपसेटच्या स्लॉटला नाक मुरडायचं कारण नाही.

बघायचं ते चिपसेटच्या स्लॉटची आवृत्ती. बोर्डाच्या खोक्यावर ‘पीसीआय एक्सप्रेस ३.०’ असं मोठ्या अक्षरांत असतं, पण ते वरच्या स्लॉटबद्दल असतं. एएमडीच्या बी४५० मध्ये चिपसेटकडून येणाऱ्या लेन २.० च्या आहेत. इंटेलच्या एच११० आणि एच३१० मध्येही २.० च. मुंबईतल्या छोट्या ऑफिसांत हेच तीन चिपसेट मला सगळ्यात जास्त दिसतात, कारण ते स्वस्तातल्या बोर्डांवर आले. बी५५० मध्ये चिपसेटच्या लेन ३.० च्या झाल्या. तुमच्याकडे बी४५० असेल आणि खालचा लांब स्लॉट एक्स४ असेल तर त्यात एका पोर्टचं दहा गिगाबिट कार्ड नीट चालेल, दोन पोर्टचं ताणलं तर धापा टाकेल.

वरच्या स्लॉटबद्दल आणखी एक. मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि डिस्प्ले प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर चालत असेल, तर वरचा एक्स१६ स्लॉट नेटवर्क कार्डाला द्या. ‘तो ग्राफिक्सचा आहे’ असं म्हणून तो रिकामा ठेवणारे खूप भेटतात. तो कुणाच्या नावावर नसतो. एएमडीच्या २२००जी, ३४००जी या ग्राफिक्सवाल्या प्रोसेसरमध्ये त्या स्लॉटला सोळाऐवजी आठच लेन मिळतात, पण नेटवर्क कार्डाला तेवढ्याही जास्तच.

अंधेरीतल्या एका एडिटिंग स्टुडिओचं उदाहरण सांगते, कारण त्यात वरच्या सगळ्या गोष्टी एका जागी आल्या. तिथे मालिकांचं एडिटिंग चालतं. फुटेज एका घरी जुळवलेल्या स्टोरेज मशीनवर, एडिटर बाजूच्या खोलीत. दोन्हीकडे ॲक्वांशियाची दहा गिगाबिट कार्डं, मध्ये दहाचा स्विच. तरी फाइल सेकंदाला ४०० एमबीच्या वर जायला तयार नाही. मला फोन आला तेव्हा एडिटर म्हणाला, “ताई, केबल बदलून झाली, स्विच बदलून झाला, आता कार्डच बदलू का?”

४०० एमबी म्हणजे सव्वातीन गिगाबिट. हा आकडा ऐकला की माझ्या डोक्यात पहिलं येतं ते २.० ची एक लेन. केबल खराब असेल तर वेग असा एका आकड्यावर ठाम उभा राहत नाही. एक तर लिंकच अडीच किंवा एक गिगाबिटवर उतरते, नाहीतर वेग वर-खाली होत राहतो. एकाच आकड्यावर जाऊन टेकतो तेव्हा बहुतेक वेळा स्लॉटच कमी पडतोय. स्टोरेज मशीन उघडलं. वरच्या स्लॉटमध्ये एक जुनं, बिनपंख्याचं छोटं ग्राफिक्स कार्ड, तेही फक्त मॉनिटर जोडायला, आणि मॉनिटर महिनोन्महिने बंद. खालच्या लांब स्लॉटमध्ये नेटवर्क कार्ड. टॉर्च लावला तर खाचेपलीकडे पट्ट्यांची रांग सुरू होते न होते तोच संपलेली. मॅन्युअलमध्येही तेच: लांबी सोळाची, जोडणी एका लेनची, आवृत्ती २.०. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स होतंच. जुनं ग्राफिक्स कार्ड काढलं, मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टला लावली, नेटवर्क कार्ड वर नेलं. त्याच केबलनं, त्याच स्विचवर, नेटवर्कची चाचणी नऊ गिगाबिटच्या पुढे गेली. काही विकत आणावं लागलं नाही.

एम.२ चा हिस्सा

स्वस्त बोर्डांवर लेन कमी असतात, म्हणून कंपन्या त्याच लेन दोन ठिकाणी वाटतात. दुसऱ्या एम.२ मध्ये एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेसच्या लेन वापरणारी) एसएसडी घातली की खालचा एक्स४ स्लॉट बंद, किंवा दोन एक्स१ स्लॉट वापरले की लांब स्लॉट चारवरून दोनवर किंवा एकवर. हे मॅन्युअलमध्ये स्लॉटच्या तक्त्याखाली बारीक टाइपात असतं. ‘शेअर्स बँडविड्थ विथ’ हे शब्द पीडीएफमध्ये शोधा, लगेच सापडेल. कार्ड ‘अचानक मेलं’ म्हणून आलेल्या तक्रारीत मी पहिला प्रश्न हाच विचारते की मशीनमध्ये नवी एसएसडी घातली का. कुठली जागा कुणाला द्यायची हे बायोसमध्येही (मशीन सुरू होताना उघडणारं बोर्डाचं सेटिंग) काही बोर्डांवर निवडता येतं.

उष्णता, दमट हवा आणि शेजारी

वेगाचा हिशेब जमला तरी मुंबईत आणखी एक हिशेब उरतो. दहा गिगाबिटची तांब्याच्या केबलवरची कार्डं तापतात. सर्व्हरमधून निघालेली कार्डं, एक्स५२०, एक्स५४० किंवा मेलॅनॉक्सची, तर मुळातच अशा यंत्रासाठी बनवलेली असतात जिथे पंखे समोरून मागे सतत जोरात हवा ढकलतात. तेच कार्ड लोअर परळच्या एखाद्या गाळ्यात, एसी रात्री बंद होतो तिथे, मे महिन्यात, ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यांना चिकटून बसवलं तर ते तासाभरात चटका बसेल इतकं तापतं आणि लिंक मधूनमधून तुटते. संध्याकाळी तुटते, सकाळी बरी असते, म्हणून लोक वीजपुरवठ्याला दोष देतात.

टॉवर कॅबिनेटमध्ये नेटवर्क कार्डाचा हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) खालच्या बाजूला असतो आणि ग्राफिक्स कार्डाचे पंखेही खालीच तोंड करून असतात. त्यामुळे ग्राफिक्स कार्डाच्या लगेच खालचा स्लॉट दोघांनाही वाईट: ग्राफिक्स कार्डाचा श्वास कोंडतो आणि नेटवर्क कार्डाला त्याची गरम हवा लागते. लेन सारख्याच असतील तर मध्ये एक स्लॉट सोडून खालचा घ्या. जाड ग्राफिक्स कार्ड शेजारचे एक-दोन स्लॉट झाकूनच टाकतं, म्हणून कार्ड घेण्याआधी खरंच कुठला स्लॉट मोकळा राहतो ते डोळ्यांनी बघा. सर्व्हरचं कार्ड असेल तर त्याच्या हीटसिंकवर ४० मिलिमीटरचा पंखा झिप-टायनं बांधा. दिसायला गबाळं दिसतं, पण काम चोख करतं. आणि अंतर कमी असेल, म्हणजे स्टोरेज आणि मशीन एकाच खोलीत, तर तांब्याच्या आरजे४५ (नेहमीच्या लॅन केबलच्या जोडणीच्या) ऐवजी एसएफपी प्लसचं, म्हणजे चपट्या धातूच्या जोडणीचं, कार्ड आणि दोन्ही टोकांना जोडणी असलेली तयार डॅक केबल घ्या. ती जोडी कमी तापते. मला स्वतःला छोट्या स्टुडिओसाठी तीच आवडते.

समुद्राजवळच्या इमारतींत, वर्सोव्यात किंवा शिवाजी पार्कच्या बाजूला, कार्डाच्या पट्टीवर खारट हवेचा थर बसतो. वर्षानुवर्षं उघडा राहिलेला स्लॉट वापरायच्या आधी ब्लोअरनं धूळ काढा आणि कार्डाच्या सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानं पुसा. खोडरबर घासायची सवय सोडा, त्याचे कण स्लॉटमध्ये पडतात आणि सोन्याचा थरही झिजतो. आठ लेनचं कार्ड चारवर किंवा एकावर अडकून बसलं असेल तर पुष्कळदा एवढ्या पुसण्यानंच पूर्ववत होतं.

छोटी कॅबिनेट

ऑफिसांतून निघालेल्या ब्रँडेड मशीन मुंबईत स्वस्तात मिळतात आणि त्यांतल्या पुष्कळ आडव्या, बारीक कॅबिनेटच्या असतात. त्यांत कार्डाची मागची लोखंडी पट्टी, म्हणजे ब्रॅकेट, अर्ध्या उंचीची लागते. कार्ड घेताना दुकानदाराकडून दोन्ही ब्रॅकेट मागून घ्या आणि त्याच्यासमोर खोक्यात आहेत का बघा. नंतर सुटी ब्रॅकेट शोधायला अख्खा लॅमिंग्टन रोड पालथा घालावा लागतो, आणि मिळाली तरी तिची भोकं तुमच्या कार्डाशी जुळतीलच असं नाही.

वाय-फाय कार्डाबद्दल थोडक्यात. त्याला एक्स१ पुरतो, पण ब्लूटूथ चालायला कार्डावरून बोर्डाच्या यूएसबी हेडरला एक वेगळी वायर जाते, ती पोहोचेल असा स्लॉट निवडा. ती वायर न जोडल्यामुळे ‘ब्लूटूथ दिसत नाही’ हे फार कॉमन आहे. बोर्डावरच्या छोट्या एम.२ जागेत कार्ड घालणार असाल तर इंटेलचं एएक्स२१० घ्या. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच, पण ती ठरावीक इंटेल प्रोसेसर-चिपसेटबरोबरच चालतात, एएमडीवर नाहीच.

बसवताना आणि बसवल्यावर

मशीन बंद करा, मागची वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. कार्ड दोन्ही टोकांना सारखा जोर देऊन सरळ खाली दाबा. ब्रॅकेटचं खालचं निमुळतं टोक कॅबिनेट आणि बोर्ड यांच्यामधल्या फटीत गेलं पाहिजे. ते बोर्डावर टेकलं तर कार्ड मागून उचललं जातं आणि स्क्रू आवळल्यावर आणखी तिरकं होतं. स्क्रू आवळून झाल्यावर एकदा बाजूनं बघा, सोनेरी कड स्लॉटच्या वर सगळीकडे सारखी दिसली पाहिजे.

मग तपासा, अंदाज नको. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, नेटवर्क कार्डावर क्लिक करा. कार्डाची कमाल लिंक आणि सध्याची लिंक शेजारी दिसतात, लेन आणि वेग दोन्हींसह. पॉवरशेलमध्ये ‘गेट-नेटअडॅप्टरहार्डवेअरइन्फो’ ही आज्ञाही तेच दाखवते. लिनक्सवर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा सुडोसह आणि दोनदा व्ही लावून चालवा. ‘LnkCap’च्या ओळीत कार्डाची कुवत असते, ‘LnkSta’च्या ओळीत सध्या मिळतंय ते, आणि कमी मिळत असेल तर पुढे ‘डाउनग्रेडेड’ असा शब्दच येतो. त्यानंतर दोन मशीनमध्ये आयपर्फ हे सॉफ्टवेअर चालवून नेटवर्कचा नुसता वेग मोजा, एका वेळी चार प्रवाह लावून. फाइल कॉपी करून मोजू नका, त्यात हार्डडिस्कचा संथपणा मिसळतो. जुनं कार्ड नव्या बोर्डावर दिसलंच नाही तर बायोसमध्ये त्या स्लॉटची आवृत्ती ‘ऑटो’वरून हातानं २ किंवा ३ करून बघा.

आणि स्लॉट बदललात तर आयपी जातो, हे आधीच लक्षात घ्या. विंडोजला तेच कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये नवीन वाटतं. हातानं दिलेला आयपी जुन्या नावावर राहतो आणि नव्यावर तो देऊ गेलं तर ‘हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे’ असा निरोप येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करून फिकट दिसणारं जुनं अडॅप्टर काढून टाका. लिनक्समध्ये कार्डाचं नाव स्लॉटच्या जागेवरून पडतं, त्यामुळे नुसती नवी एनव्हीएमई घातली तरी ते बदलू शकतं आणि सर्व्हर नेटवर्कवरून गायब होतो. ज्या मशीनला मॉनिटर नाही, तिथे हे काम रिमोटवरून करू नका. मॉनिटर आणि कीबोर्ड सोबत न्या, आणि जुने आयपीचे आकडे मशीन बंद करायच्या आधी कागदावर उतरवून घ्या.

सगळं जुळलं की मी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मास्किंग टेप लावते आणि मार्करनं लिहिते: कुठल्या स्लॉटमध्ये किती लेन, कुठली आवृत्ती, कुठला स्लॉट कुठल्या एम.२ बरोबर वाटलेला, आणि कार्डाचा मॅक नंबर. पुढच्या वेळी जो कुणी हे मशीन उघडेल, त्याला मॅन्युअल शोधत बसावं लागत नाही.